मागच्या टेबलावरची माणसं

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आवाज बसमधलाच आहे. हिंजवडीहून कंपनीच्या बसने परतत होते, कानात हेडफोन. पियानोच्या मागे कुठेतरी ग्लास किणकिणला. मी हेडफोन काढून इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये मान घालून बसलेले, बाहेर वाकडचा पूल नेहमीसारखा तुंबलेला. हेडफोन परत लावला. पुन्हा किणकिण. मग कुणाचं तरी बोलणं, शब्द लागत नाहीत इतपत. मग कुणीतरी मोकळं हसलं. पियानो आपला वाजत होता.

अल्बमचं नाव 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. वाजवणारे तिघं. पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. डेबी ही एव्हान्सची पुतणी. जॅझ मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' सगळे ऐकतात म्हणून मीही ऐकला होता, त्यातला पियानो बराचसा याच एव्हान्सचा आहे हे नंतर समजलं. या अल्बमपर्यंत मी एका रीलमुळे पोचले. रीलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की यातला बेस वाजवणारा पोरगा या रेकॉर्डिंगनंतर अकरा दिवसांनी मेला. खाली रडण्याच्या इमोजींची रांग. मी लगेच सेव्ह केलं.

माहिती खरी आहे. रेकॉर्डिंग झालं २५ जून १९६१ला, रविवारी. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ अव्हेन्यूवर 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा क्लब आहे. जिना उतरून खाली जायचं, तळघरात त्रिकोणी आकाराची एक खोली, जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी. १९३५पासून याच जागेत आहे आणि आजही चालू आहे. त्या दिवशी तिघं पाचदा वाजवायला बसले, दुपारी दोनदा आणि संध्याकाळपासून तीनदा. रिव्हरसाइड या कंपनीने सगळं टेपवर घेतलं. पहिल्याच तुकड्यात विजेचा घोटाळा झाला आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटलं. बऱ्याच वर्षांनी निघालेल्या संपूर्ण संचात तो तुटलेला तुकडाही ठेवलाय. (लाइट जाणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही, याचा मला उगाचच आनंद झाला.) ६ जुलैला लफारो न्यूयॉर्क राज्यातल्याच एका रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेला. वय २५. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवलं नाही. त्या रविवारच्या टेपमधून आधी एक अल्बम निघाला, 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. त्यासाठी लफारो ठळक ऐकू येईल असे तुकडे निवडले गेले. सुरुवातीला आणि शेवटी त्याच्याच रचना ठेवल्या, मुखपृष्ठावर त्याचं नाव घातलं. उरलेल्यातून पुढच्या वर्षी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आला.

पहिले काही दिवस मी फक्त मरण ऐकत होते. बेस जरा खाली उतरला की वाटायचं, बघ, याला कळलंय. 'माय फूलिश हार्ट' लागलं की मी खिडकीला डोकं टेकवून बसायचे. त्यात मोशन ब्रश घेऊन झांजेवर इतका हळू हात फिरवतो की कुणी दारात उभं राहून आत येऊ का नको असा विचार करत असावं. मी मनातल्या मनात त्या पंचवीस वर्षांच्या पोराचं श्राद्ध घालत होते. पुढे एकदा रील, अपघात, तारीख सगळं बाजूला ठेवून नुसता बेस ऐकायचं ठरवलं, तेव्हा लाज वाटली. कारण तो पोरगा मजा करतोय. 'ग्लोरियाज स्टेप' ही त्याचीच रचना. त्यात तो पियानोच्या वाक्यात मध्येच घुसतो, वर चढतो, चिडवल्यासारखं करतो आणि परत खाली येतो. दुःखी वगैरे अजिबात नाही. माणूस पुढे मेला हे मला माहीत होतं, म्हणून तो आधीच मेलेला असल्यासारखं मी त्याला ऐकत होते. तेही न ऐकणंच झालं.

एरवी पियानो, बेस, ड्रम्स अशी त्रयी असली की बोलायचं पियानोने. बेसने एक-दोन-तीन-चार असं चालत राहायचं, ड्रम्सने वेळ राखायची. आपल्याकडे नव्या श्रोत्याला तबलजी ठेका धरून बसलेला वाटतो, तसंच काहीसं. या तिघांनी ते मोडलं. बेस चालणं सोडून बोलायला लागतो. ड्रम्स प्रत्येक मात्रा वाजवून दाखवत नाहीत, ती आहे हे गृहीत धरून तिच्या आजूबाजूला वाजतात. पियानो आपलं वाक्य अर्धं सोडतो, कारण उरलेलं दुसरा कुणी पुरं करेल याची खात्री असते. अर्धं वाक्य सोडायला समोरच्यावर केवढा भरवसा लागतो, ते घरात किंवा ऑफिसात एकदा करून बघा. वाजवण्याच्या कौशल्यापेक्षा मला तिघांचे कान ऐकू येतात.

आणि या कानांच्या समोर ती खोली. बडबड, ग्लास, हसणं. तुकडा संपला की टाळ्याही अशा की एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये खजिनदाराचं भाषण संपलंय.

मला राग यायला लागला. खरा राग. कोण होती ही माणसं? समोर हे चाललंय आणि तुम्ही काय बोलताय? ज्या खोलीत मी पैसे देऊनही कधी बसू शकणार नाही, तिथे तुम्ही बसलात आणि एकमेकांना काहीतरी सांगत राहिलात. ऑफिसमधल्या एका मित्राला हे तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, "अगं, रविवारी बारमध्ये गेलेली माणसं ती. बोलणारच ना." मी म्हटलं, प्रश्न बोलण्याचा नाही, लक्ष देण्याचा आहे. कुणीतरी आपल्यासमोर जीव ओतून काहीतरी करत असताना त्याच्याकडे लक्ष देणं हे आपलं कर्तव्य आहे की नाही? तो म्हणाला, "तू आत्ता माझ्याशी बोलताना दोनदा फोन बघितलास."

इथे माझी गोष्ट सांगायला हवी, कारण मित्राला ती माहीत नव्हती.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सातारा जिल्ह्यातलं लहान गाव, विठ्ठलाचं देऊळ, दर एकादशीला रात्री भजन. मोठे कलाकार वगैरे नव्हते ते. भाता मारताना त्यांचा डावा खांदा किंचित वर जायचा, आणि पट्टी चढली की पखवाजवाल्याकडे भुवया उंचावून बघायचे, एवढं मला आठवतं. तीन वर्षांपूर्वी कार्तिकी एकादशीला मी गावी गेले होते. काहीतरी आपल्याकडे असावं म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावून खांबाशी ठेवला आणि शेजारी बसले. अडतीस मिनिटं. त्यानंतर होळीच्या आत आबा गेले.

दिवस झाल्यावर मी ती फाइल उघडली. पहिली चार मिनिटं टाळ आणि पेटी. पाचव्या मिनिटाला मी बोलायला लागते. शेजारी चुलतबहीण बसलेली होती, आणि मी तिला सांगतेय की वाकडचा फ्लॅट सोडला पण मालक डिपॉझिट परत देत नाहीये, रंगाचे पैसे कापतो म्हणतो, भिंती आधीच खराब होत्या, माझ्याकडे फोटो आहेत. फोन माझ्याजवळ होता, त्यामुळे सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत स्पष्ट आवाज माझा. आबा कुठेतरी मागे. मधे एकदा त्यांनी एका अभंगाची चाल बदलली, देवळात कुणीतरी "वा" म्हटलं, आणि नेमकं तेव्हा मी म्हणतेय, "बावीस हजार म्हणजे काय कमी आहेत का?"

मी ती फाइल बंद केली आणि दोन वर्षं उघडली नाही. त्यामुळे व्हॅनगार्डमधल्या लोकांवर माझा एवढा राग का होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या बरंच उशिरा आलं.

तत्त्वज्ञानात या जातीच्या पेचाला एक नाव आहे, 'मॉरल लक'. आपण त्याला नैतिक दैव म्हणू. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली एकाच विषयावर निबंध मांडले, तेव्हापासून हा शब्द रुळला. नेगलचं म्हणणं साधारण असं. ब्रेक तपासून न घेता गाडी चालवणारे दोन ड्रायव्हर धरा. दोघांची हयगय सारखीच. एकाच्या गाडीसमोर मूल धावत येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण आयुष्यभर दोष देतो, तोही स्वतःला देतो. दुसरा घरी जाऊन जेवतो. मूल रस्त्यावर येणं न येणं दोघांच्याही हातात नव्हतं. मग दोष कमी-जास्त कसा झाला?

हे वाचताना मला त्या रविवारच्या आधीचा एखादा दिवस आठवला, म्हणजे कल्पनेतला. या तिघांचे व्हॅनगार्डमधले कार्यक्रम त्याआधीही चालूच होते. तेव्हाही लोक बोललेच असणार, ग्लास वाजलेच असणार. त्यांच्यावर कुणी रागावत नाही. कारण तेव्हा टेप चालू नव्हती. रविवारच्या माणसांनी वेगळं काहीच केलं नाही. टेप चालू होती आणि अकरा दिवसांनी एक अपघात झाला, एवढाच फरक, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या हातातल्या नव्हत्या. माझंही तेच. मी लहानपणापासून कितीतरी एकादशींना त्या देवळात बसून बोलले आहे. भजनात लोक बोलतात. चहा फिरतो, पोरं रडतात, कुणी उठून सुपारी आणायला जातं. एकाच रात्री फोन चालू होता.

म्हणजे मी निर्दोष. तर्काने बरोबर आहे. मित्रानेही, नंतर गोष्ट सांगितल्यावर, हेच म्हटलं, "तुझी काय चूक?"

पण विल्यम्सचं एक उदाहरण मला या उत्तरावर थांबू देत नाही. त्याचा लॉरी ड्रायव्हर नेगलच्या ड्रायव्हरसारखा बेफिकीर नाही. त्याची काहीच चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. विल्यम्स म्हणतो, आपण सगळे त्याची समजूत घालू, तुझा दोष नाही असं सांगू, आणि ते योग्यच आहे. पण तो ड्रायव्हर पटकन "हो, खरंच, माझा दोष नाही" म्हणून मोकळा झाला, तर आपल्याला काहीतरी खटकेल. बघ्याला वाटणारी हळहळ आणि ज्याच्या हातून घडलं त्याला वाटणारी हळहळ एक नसते. दोष नसला तरी हात त्याचाच होता. कुठे एक मूल आणि कुठे माझं डिपॉझिट, हे मला कळतं. तरी हळहळीची जात तीच आहे. आवाज माझा आहे.

मग वर्षभरापूर्वी एका रविवारी मी ठरवलं की निदान आवाज काढून टाकू. आता असे ॲप आहेत, फाइल टाकली की गाणं वेगळं, बोलणं वेगळं, गोंगाट वेगळा करून देतात. फुकटच्या मिनिटांत बसावं म्हणून अडतीस मिनिटांचे तुकडे केले. पाच-सात मिनिटांत काम झालं. मी गायब. बावीस हजार गायब. खरंच स्वच्छ झालं होतं. पेटी, पखवाज, सगळ्यांचा मिळून गाण्याचा आवाज.

दुसऱ्यांदा ऐकताना काय गेलंय ते कळलं. दोन अभंगांच्या मध्ये आबा खाकरायचे आणि पखवाजवाल्याला काहीतरी सांगायचे, ते गेलं होतं. ॲपच्या लेखी ते बोलणं. ती "वा" गेली होती. टाळ पाण्याखालून वाजल्यासारखे झाले होते. आणि मुख्य म्हणजे देऊळच नव्हतं. आबा कुठल्यातरी रिकाम्या, पांढऱ्या जागेत बसून पेटी वाजवत होते, आणि त्यांच्यासमोर कुणीही नव्हतं. मीसुद्धा.

त्या रात्री मी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' परत लावला आणि मुद्दाम फक्त मागचं ऐकलं. संगीत नाही, माणसं. तोपर्यंत मी त्यांना अल्बममधला डाग समजत होते. आता विचार केला, यांच्यापैकी कुणाला त्या दिवशी नोकरी लागली असेल. कुणी पहिल्यांदाच एकमेकांना भेटत असतील आणि समोरच्या पियानोवर लक्ष देणं त्यांना जमलंच नसेल. कुणी कंटाळलं असेल, तेही चालेल. तो रविवार त्यांचाही होता. त्यांनी गप्प बसावं अशी माझी इच्छा म्हणजे नेमकं काय? चौतीस-पस्तीस वर्षांनी जन्मणाऱ्या, हिंजवडीच्या बसमध्ये बसलेल्या एका मुलीला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी आपली दुपार सोडून द्यावी? त्यांनी संगीत पार्श्वभूमीला ढकललं म्हणून मी चिडले होते, आणि मी त्या माणसांनाच पार्श्वभूमी करून टाकलं होतं.

अर्थात यावरून बोलणं बरोबर होतं असं म्हणायला मी तयार नाही. आज व्हॅनगार्डमध्ये वादन चालू असताना बोलू नका, फोन बंद ठेवा असं बजावतात, आणि मला तो नियम आवडतो. लक्ष देणं ही देण्याची गोष्ट आहे, ती दिली नाही तर समोरच्याचं काहीतरी राहून जातं. मला एवढंच दिसतं की लक्ष न देणारी माणसंही तिथे *होती*. सव्वाशेपैकी काही खुर्च्या त्यांनी भरल्या, ड्रिंक्स घेतली, त्यावर क्लब चालला, क्लब होता म्हणून तिघं तिथे बसून वाजवू शकले. देवळातही तेच. आम्ही सगळे एकाग्र श्रोतेच हवे असतो तर आबांच्या भजनाला चार माणसं आली असती. अर्धवट ऐकणाऱ्यांच्या गर्दीत बसून पूर्ण वाजवणं, हे वाजवणाऱ्यांना चांगलंच माहीत असतं. आपल्याला उगाच वाटतं की आपण त्यांच्यावर फार अन्याय केला.

की हीसुद्धा मी माझीच समजूत घालतेय? असेल. या मुद्द्यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

त्या रविवारी शेवटी वाजवलं ते 'जेड व्हिजन्स'. ही रचनाही लफारोचीच. एकदा वाजवून झालं, आणि मग त्यांनी तेच परत, दुसऱ्यांदा वाजवलं. का, ते मला ठाऊक नाही. पहिलं मनासारखं झालं नसेल. रात्र झालेली, दिवसभरातली पाचवी बैठक, आणि तिघं एक छोटी, संथ रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. खोलीत ऐकायला किती जण उरले होते देव जाणे.

पुढे एव्हान्स १९८०मध्ये गेला, मोशन २०११मध्ये. टेप आहे. मागच्या टेबलावरचे लोकही तिच्यावर आहेत, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

गेल्या आषाढीला आत्याने फोनवर विचारलं, आबांचं तू काहीतरी रेकॉर्ड केलं होतंस ना, पाठव की. माझ्याकडे दोन्ही फाइल होत्या. स्वच्छ केलेली आधी निवडली, पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि थांबले. मग मूळची पाठवली. वर एक लांबलचक मेसेज टाइप केला, की आत्या, यात माझा आवाज फार आलाय, मला माहीत नव्हतं, सॉरी. तो खोडला. नुसती फाइल पाठवली. निळ्या टिक आल्या. अडतीस मिनिटं काही नाही, मग आणखी वीस मिनिटं काही नाही. मी भाजी चिरायला घेतली, पण हातातलं कामच सुधरेना.

रात्री तिचा फोन आला. आवाज जड होता, रडली असावी. पहिल्यांदा म्हणाली, आबांचा खोकला ऐकलास का, अगदी तस्सा. मग म्हणाली, पखवाज नानांचा नाही वाटत, त्यांचा मुलगा असेल तो. मग जरा वेळ गप्प राहिली. मी वाट बघत होते.

"काय गं," ती म्हणाली, "ते डिपॉझिट दिलं का मग त्यानं?"